डावा दिवा

माझ्याकडे एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. लाल, दोन दारांची, दोनच माणसं बसतील अशी. वय तीस वर्षांच्या पुढे. घुग्घुसकडच्या एका सिमेंट कारखान्यातला इंजिनिअर परदेशातली नोकरी संपवून परतताना ती सोबत घेऊन आला होता. त्याची बदली झाली तेव्हा ती मी घेतली. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा मी एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर होते. आता मी निवृत्त आहे. गाडी निवृत्त नाही.

या अकरा वर्षांत चंद्रपुरात मला तिच्याबद्दल एकच प्रश्न विचारला गेला: काऊन? पेट्रोल पंपावर, रेल्वे फाटकावर, भाजीबाजाराच्या तोंडाशी. "दोघंच बसतेत हिच्यात, मंग काऊन घेतली?" "डिक्कीत धानाचं एक पोतं मावत नाई, काऊन ठेवली?" "बाई मानूस, या वयात, काऊन?" मी उत्तर देत नाही. आवडती गोष्ट ठेवायला कारण लागतं, हे मला मान्य नाही.

गाडीच्या तक्रारी मात्र मी लिहून ठेवते. डेस्कची सवय. निळ्या पुठ्ठ्याची वही डाव्या दाराच्या कप्प्यात असते. तारीख, वेळ, हवा, काय झालं. जुन्या स्पोर्ट्स कारला जे जे होतं ते सगळं त्या वहीत आहे. कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत उभं राहिलं की इंजिन तापतं आणि रेडिएटरचा पंखा सुरू व्हायचा विसरतो. क्लचच्या खालच्या सिलिंडरमधून तेल झिरपतं आणि एके दिवशी पाय थेट जमिनीला टेकतो. छताचं पाणी वाहून नेणारी भोकं काळ्या धुळीने बुजतात, मग पाणी दारांखालच्या पत्र्यात साचतं आणि वळणावर आतून डुचमळल्याचा आवाज येतो. खिडकीच्या काचेची केबल तुटते. उंदीर वायरिंग खातात. एप्रिलमध्ये डॅशबोर्ड इतका तापतो की स्विचला बोट लावताना रुमाल लागतो. यातला एकही बिघाड गूढ नाही. प्रत्येकाला कारण असतं आणि ते सापडतं, असा माझा अनुभव होता. गेल्या हिवाळ्यापर्यंत.

पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. त्यासाठी गाडी तपासणीच्या मैदानावर न्यायची, निरीक्षक ब्रेक, हॉर्न, दिवे, धूर बघतात. मागच्या वेळी काही अडचण आली नव्हती. गेल्या डिसेंबरात मी सकाळी साडेनऊला रांगेत होते. पुढे दोन ट्रॅक्टर, मागे एक शाळेची व्हॅन. माझा धाकटा भाऊ त्याच्या स्कूटरवर मागोमाग आला होता. तो म्हणतो मदतीला. मला वाटतं बघायला.

निरीक्षक तिशीतले, नेमके बोलणारे. ब्रेक पाहिले. हॉर्न पाहिला. "दिवे लावा, मॅडम."

या गाडीचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असतात. बटण दाबलं की दोन झाकणं वर होतात आणि दिवे बाहेर येतात. प्रत्येक दिव्याला स्वतःची लहान मोटर. मी बटण दाबलं. उजवा दिवा वर आला. डावा आला नाही.

"साहेबांले आँख मारून राह्यली रे!" ट्रॅक्टरवाला ओरडला. रांग हसली. निरीक्षक हसले नाहीत.

"दुसरा?"

मी आणखी तीनदा दाबलं. उजवा तीनदा वर-खाली झाला. निरीक्षकांनी कागदावर लिहिलं, कागद माझ्याकडे दिला आणि सांगितलं, की दुरुस्त करून पुढच्या महिन्यात आणा. मी किल्ली फिरवली. इंजिनाऐवजी फक्त 'टक्' असा आवाज आला. पुन्हा टक्. शेवटी शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर, दोन्ही ट्रॅक्टरवाले आणि माझा भाऊ यांनी ढकलून ती मैदानाबाहेर काढली. भाऊ सगळ्यात जास्त जोर लावत होता आणि सगळ्यात जास्त बोलत होता.

बाहेर तासाभराने ती आपोआप सुरू झाली. घरी आल्यावर भावाने विषय काढला. त्याच्या ओळखीचा एक भंगारवाला होता. गाडी बघून गेलेला, माझ्या नकळत.

"ताई, लोखंड हाय ते. लोखंडाले कायची माया? आता सरकारी कागदावर बी आलं."

"कागदावर 'डावा दिवा' आलंय. 'लोखंड' आलेलं नाही."

"पुढच्या मइन्यात बी हेच होईन. तवा काय करशीन?"

मी त्याला सांगितलं, की दुसऱ्यांदा नापास झाली तर मैदानावरच किल्ली तुझ्या हातात देईन. त्याची बायको, त्याची सासू आणि शेजारच्या बाई, तिघीही तिथे होत्या. बोललेलं मागे घेण्याची पद्धत आमच्या घरात नाही.

दुसऱ्या दिवशी मी घुग्घुसला गेले. माझी गाडी अकरा वर्षं तिथलेच एक मिस्त्री पाहतात. ऑटो इलेक्ट्रिशियन, साठीला आलेले, खाणीच्या ट्रकांच्या वायरिंगमध्ये हात काळे झालेले. वडिलांपासून हेच काम. दिवाळीत उंदरांनी दिव्यांच्या तारा कुरतडल्या होत्या, त्या त्यांनीच नव्या टाकल्या होत्या. दुकानासमोर बाकावर दोन ट्रक ड्रायव्हर चहा पीत होते. मी त्यांच्यासमोर म्हटलं, "भाऊ, दिवाळीत तुम्ही हात लावला, तेव्हापासून डावा दिवा गेलाय. गाडी तुमच्यामुळे नापास झाली."

मिस्त्रींनी आत बसून बटण दाबलं. दोन्ही दिवे वर आले. खाली गेले. पुन्हा वर आले. दुपारचे साडेबारा वाजले होते.

"दहा डाव दाबलं, बाई. दहाही डाव दोन्ही उघडले. काय दुरुस्त करू सांगा?"

"म्हणजे मी खोटं सांगते आहे?"

"मी कुठी म्हनलो? पन जे बिघडलंच नाई ते मी कसं बनवू?"

"तार ढिली असेल. कुठेतरी सांधा कच्चा राहिला असेल."

त्यांनी टेस्टर खिशात ठेवला. "मी टेप मारून सोडत नाई, बाई. सोल्डर करतो. खोलून दाखवू?" मग म्हणाले, "भरोसा नसन तर दुसऱ्या कोनाले दाखवा. मले राग नाई."

राग होता. एक ड्रायव्हर कपात बघत राहिला. मी गाडी घेऊन निघाले. ती पहिल्या किल्लीत सुरू झाली, ते मला आणखी अपमानाचं वाटलं.

पुढचे अठरा दिवस मी रोज चार वेळा गाडी तपासली. सकाळी साडेसहा, सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी सहा. वहीतल्या नोंदी अशा: सकाळी साडेसहा, थंडी, डावा दिवा नाही, स्टार्टर टक्. नऊ, डावा दिवा नाही, स्टार्टर तिसऱ्या वेळी. एक, सगळं ठीक. सहा, ठीक. दुसऱ्या दिवशी हेच. पाचव्या दिवशी हेच. एका दिवशी ढग होते आणि ऊन पडलंच नाही, त्या दिवशी एक वाजताही डावा दिवा अडखळत वर आला. मी दव हे कारण धरलं आणि रात्री गाडीवर ताडपत्री टाकली. फरक पडला नाही. बॅटरी हे कारण धरलं आणि बॅटरी बदलली. नवी बॅटरीही सकाळी टक् करू लागली. भाऊ रोज संध्याकाळी येऊन विचारायचा, "झाली का महारानीची झोप?" आणि उत्तराची वाट न बघता चहा मागायचा.

एकोणिसाव्या दिवशी, सकाळी सातला, मी पायाच्या भेगांना तेल लावायला बसले.

हे तेल मोहाच्या बियांचं. आमच्याकडे टोरीचं तेल म्हणतात. पोंभुर्ण्याकडच्या एका गावात धानाची शेती करणारी एक बाई मला दर वर्षी एक बाटली देते. वनोपजावर बातमी करायला गेले होते तेव्हाची ओळख. तिच्या घरी याच तेलात वडे तळतात, हेच डोक्याला लावतात, हेच पायांना. आणि धानाची कापणी झाली की विळे, कुऱ्हाडी याच तेलाने माखून आढ्याला खोचून ठेवतात. "लोखंडाले पानी शिवत नाई मंग," ती म्हणाली होती.

मी बाटली हातावर उलटी केली. काही पडलं नाही. टोरीचं तेल थंडीत गोठतं, तुपासारखं, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. मी नेहमीप्रमाणे बाटली अंगणाच्या भिंतीवर उन्हात नेऊन ठेवली आणि गाडीची नऊची नोंद करून परत आले. साडेदहाच्या सुमारास बाटलीतलं तेल वाहू लागलं. त्याच वेळी मी गाडीत बसून बटण दाबलं. डावा दिवा सावकाश वर आला.

मी वही बंद केली आणि पायरीवर बसले.

ऑगस्टमध्ये, मिस्त्रींनी तारा बदलल्याच्या दोन महिने आधी, मी स्वतः गाडीचं काम केलं होतं. या गाडीची बॅटरी मागे डिक्कीत असते. तिची एक तार तिथेच पत्र्याला बोल्टने जोडलेली असते आणि गाडीभर फिरलेली वीज त्या जागेवरून बॅटरीकडे परत येते. मिस्त्री लोक याला अर्थिंग म्हणतात. तो बोल्ट गंजला होता. मी तो काढला, पॉलिश पेपरने घासला आणि पुन्हा गंजू नये म्हणून टोरीचं तेल लावलं. विळ्याला लावतात तसं, सढळ हाताने, बोल्टवर, तारेच्या टोकावर आणि पत्र्यावर. मग बोल्ट हाताने फिरेल तेवढाच आवळला, कारण त्या मापाचा पाना माझ्याकडे नव्हता. त्याच दिवशी डाव्या दिव्याच्या मोटरमध्ये पावसाचं पाणी गेलं होतं. तिचं झाकण उघडून आतली तांब्याची चकती पुसली आणि तिच्यावरही तेलाचा हात फिरवला. ऑगस्टची हवा उबदार होती. तेल पातळ होतं, सगळं चालत राहिलं. डिसेंबरात ते गोठलं आणि विजेच्या आड मेणासारखं बसलं. ऊन चढलं की वितळायचं, गाडी शहाणी व्हायची. आणि मिस्त्री दुकान उघडतात अकराला.

वहीत या कामाची नोंद नव्हती. मी पुन्हा पाहिलं. वहीत गाडीच्या चुका होत्या, मिस्त्रींच्या होत्या, उंदरांच्या होत्या. माझ्या हातचं काही लिहायची पद्धतच मी ठेवली नव्हती.

तरी हा अंदाज होता, आणि एका अंदाजावर मी आधीच एका माणसाला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर दोषी ठरवलं होतं. "हात लावला तेव्हापासून" हे वाक्य कुठल्याही वार्ताहराच्या बातमीतून मी कापून टाकलं असतं. म्हणून या वेळी एका दिवशी एकच गोष्ट बदलली. पहिल्या दिवशी फक्त डाव्या दिव्याची मोटर उघडली. तांब्यावर पिवळट पांढरा थर होता, नखाने निघेल असा. पेट्रोलच्या बोळ्याने पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दोन्ही दिवे एकत्र वर आले. स्टार्टर मात्र अजून टक् करत होता. त्या दिवशी शेजाऱ्याकडून पाना आणला, डिक्कीतला बोल्ट काढला, तिथलं तेल पुसलं आणि बोल्ट कोरडा आवळला. तिसऱ्या दिवशी सकाळी, बोटं आखडतील अशा थंडीत, गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.

वर्तमानपत्रात चूक छापली गेली, तर दुरुस्ती त्याच पानावर छापायची असते. आतल्या कोपऱ्यात नाही. मी घुग्घुसला चारच्या सुमारास पोचले, दुकानासमोर सर्वांत जास्त माणसं असतात तेव्हा. पहिल्या पाळीचे कामगार मोटारसायकली लावून उभे होते. बाकावर चार ड्रायव्हर. मी गाडीतून उतरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "भाऊ, चूक तुमची नव्हती. माझी होती. अर्थिंगला आणि डाव्या मोटरला मी टोरीचं तेल लावलं होतं."

मिस्त्री एका ट्रकखालून निम्मे बाहेर आले. "काय लावलं?"

"टोरीचं तेल."

ते पूर्ण बाहेर आले. उठून उभे राहिले. "बाई, तुमी गाडीले फोडनी देल्ली?"

बाकावरचे हसले. मीही तिथेच उभी राहिले. हसू द्यायचं ठरवूनच आले होते.

"थंडीत जमते ते, हे तुमाले मालूम नोतं?"

"पायाला लावताना माहीत होतं."

"अन् गाडीले लावताना?"

"तेव्हा ऑगस्ट होता."

त्यांनी डिक्की उघडली, बोल्ट तपासला, मोटरचं झाकण काढून आत टॉर्च मारून पाहिलं. "साफ तं बराबर केलं," ते म्हणाले. मग स्वतःच्या डब्यातलं ग्रीस बोल्टच्या बाहेरून लावलं, आवळून झाल्यावर, आणि मला दाखवलं की कुठे लावायचं असतं आणि कुठे नाही. "आधी लोखंडाले लोखंड भिडू द्याचं. मंग वरून काय लावाचं ते लावा. समजलं? आता टोरीचं तेल फक्त पायाले."

चहा आला. त्यांनी विचारलं, तपासणी कितीला. मी सांगितलं, सकाळी साडेनऊ.

"दुपारचा टाइम घ्या नं, बाई. दुपारी ते आजवर कधी चुकली नाई. कायले खतरा?"

तो सल्ला शहाणपणाचा होता. मैदानावर दुपारीही गाड्या घेतात. पण गाडी दुपारी पास झाली असती, तर ती दुपारची गाडी ठरली असती. जिची चूक सापडली आहे ती गाडी मला उन्हामागे लपवायची नव्हती. मी म्हटलं, "सकाळी नापास झाली, सकाळीच पास होईल."

"जिद्दी हाय तुमी."

"गाडीसुद्धा."

तपासणीच्या दिवशी मी आठलाच मैदानावर होते. रांगेत पहिली. मुद्दाम कडुनिंबाच्या सावलीत उभी केली, ऊन लागू नये म्हणून. जमिनीवर दव होतं. मागे एक मालवाहू टेम्पो, त्याच्या मागे ट्रॅक्टर. योगायोगाने तोच, गेल्या महिन्यात ओरडला होता तो. त्याने गाडी ओळखली.

"आली का आँख मारनारी?"

"आली," मी म्हटलं.

नऊला भाऊ आला. कानटोपी, मफलर. स्कूटर लावून तो माझ्या शेजारी उभा राहिला. माझ्या हातातल्या किल्लीकडे त्याने एकदा पाहिलं. भंगारवाल्याचा त्याला सकाळी फोन आला होता, हे त्याने नंतर सांगितलं.

साडेनऊला निरीक्षक आले. तेच. ब्रेक पाहिले. हॉर्न पाहिला. धूर पाहिला. मग गाडीसमोर जाऊन उभे राहिले. "दिवे."

मी बटण दाबलं. दोन्ही झाकणं एकाच वेळी उठली. दोन्ही दिव्यांचा उजेड निरीक्षकांच्या पँटवर पडला.

"बंद करा." बंद झाले. "पुन्हा." पुन्हा उठले. "इंजिन बंद करून सुरू करा." पहिल्या किल्लीत सुरू झालं. निरीक्षकांनी कागदावर लिहिलं, सही केली. कागद देताना विचारलं, "काय होतं, मॅडम?"

"तेल."

"इंजिनचं?"

"नाही. मोहाचं."

ते चंद्रपूरचे नसावेत. त्यांनी मान हलवली आणि टेम्पोकडे वळले. ट्रॅक्टरवाल्याला मात्र समजलं. तो इतका हसला की टेम्पोवाल्याने त्याला कारण विचारलं, मग तोही हसला. मी निघेपर्यंत ती गोष्ट रांगेच्या शेवटापर्यंत पोचली होती.

भाऊ गाडीच्या खिडकीशी आला. "झालं आता पाच वर्षं," तो म्हणाला. "तवा पस्तिसाच्या वर जाईन ते. तू बी साठीच्या पार. तवा काय करशीन, ताई?"

"सकाळची वेळ घेईन."

त्याने मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "काऊन पन?" तो म्हणाला. अकरा वर्षांत त्याने हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता; आजवर तो फक्त मत सांगत आला होता. मी काच वर करायचं बटण दाबलं. काच निम्मी वर आली, आत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि ती दारात खाली कोसळली.

आम्ही दोघांनी त्या रिकाम्या खिडकीकडे पाहिलं. मी दाराच्या कप्प्यातून वही काढली, नवं पान उघडलं आणि मध्ये उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं: सकाळी दहा वाजून पाच, थंडी, उजवी काच, केबल. उजवीकडचा भाग माझ्या हातच्या कामांसाठी. तिथे लिहिलं: अजून काही नाही.

मग किल्ली फिरवली आणि उघड्या खिडकीने, थंड वारा खात, सरळ घुग्घुसच्या रस्त्याला लागले.